पाहुण्यांना दिलेली इंजिने

मी एक जुने विमान आहे, मित्रांनो, पण आता उडणारे नाही. बिश्केकजवळच्या विमानतळाच्या कुंपणाला लागून वाढलेल्या गवतात मी उभे आहे. माझ्या पंखांवर जिथे दोन इंजिने होती, तिथे आता पत्रे ठोकलेले आहेत. ती इंजिने कुणी चोरली नाहीत. माझ्यावर सर्वांत जास्त माया करणाऱ्या माणसानेच ती काढली.

माझा जन्म कीव्हच्या कारखान्यात झाला. मी इथे आले तेव्हा माझा रंग इतका चकचकीत होता की बायका माझ्या पत्र्यात बघून डोक्याचा रुमाल नीट करत. पुढे कितीतरी वर्षे मी डोंगरांपलीकडच्या बत्केनला जा-ये केली. हिवाळ्यात घाट बर्फाने बंद झाला की तिकडच्या लोकांना माझ्याशिवाय दुसरा आधार नसे. बाळंतपणाला निघालेल्या लेकी, जावयाकडे जाणारे म्हातारे, परीक्षेची पुस्तके मांडीवर घेतलेली मुले, सगळे माझ्या पोटात बसत. उडण्याआधी त्यांच्यातला सर्वांत वयस्कर माणूस तळहात समोर धरून दुवा मागायचा आणि सगळे जण चेहऱ्यावरून हात फिरवून "ओमिन" म्हणायचे. त्या क्षणी मला फार मोठे झाल्यासारखे वाटे.

मग मोठा संघ फुटून आमचा देश वेगळा झाला आणि मी तुरना नावाच्या छोट्या कंपनीकडे आले. तिच्या मालकीचे विमान मी एकटेच. माझ्याच जातीची आणखी दोन विमाने तिने परदेशातल्या मालकाकडून भाड्याने आणली होती. आम्हा तिघांना सांभाळायचे ताश्तान मेकॅनिक. तळावरचे सगळे त्यांना बाइके, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत. ते माझे बोल्ट आवळताना माझ्याशी बोलत. निवृत्तीच्या दिवशी माझ्यातच बसून गावी, बत्केनला, उतरायचे असे त्यांनी ठरवले होते. तेवढी एकच हौस त्या माणसाला होती.

पण छोट्या कंपन्यांना घरघर लागली. एकीने वसंतात गाशा गुंडाळला, दुसरीने उन्हाळ्यात. उलजान एजेच्या चहाच्या टपरीवर, माझ्या शेपटीपाशीच, रोज तोच विषय. एजे म्हणजे थोरली बहीण. चहा पाजायची आणि कुणाची भीडभाड ठेवायची नाही.

"आता कुणाचा नंबर?" इंधनाच्या गाडीवरचा साबीर विचारायचा.

"ज्यांच्या विमानात जेवण बंद होतं, त्यांचा," एजे म्हणाली. "बाइके, तुमच्या तुरनात परवा काय दिलं?"

"बिस्किटं."

"किती?"

"एक," ताश्तान बाइके म्हणाले. सगळे हसले. ते हसले नाहीत.

आणि ऐन हंगामात भाड्याच्या एका विमानाचे इंजिन निकामी झाले. नवे मिळेना. मॅनेजर केन्जेबेकच्या तोंडचे पाणी पळाले. तेव्हा बाइकेच पुढे झाले. "आपल्या म्हाताऱ्याचं काढतो," ते माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "भाड्याची विमानं म्हणजे पाहुणे. पाहुण्याला कमी पडू द्यायचं नाही, घरच्यानं कळ काढायची. आमच्या घरी असंच चालत आलंय."

उलजान एजेने चहाची किटली खाली ठेवली. "पाहुण्याला मानाचं म्हणून मेंढीचं डोकं वाढतात, बाइके. घरच्या घोड्याचे पाय कापून देत नाहीत."

"महिन्याभराचा प्रश्न आहे, एजे. परत आणून बसवतो."

त्यांनी इंजिन उतरवले तेव्हा एक हात सारखा माझ्या पत्र्यावर होता. पुढच्या महिन्यात दुसऱ्या पाहुण्याचेही इंजिन गेले आणि माझे उरलेलेही निघाले. मला वाईट वाटले, पण राग आला नाही. ती दोन विमाने बत्केनला जात होती आणि त्यांच्या आवाजात मला माझा आवाज ऐकू येत होता.

शरदात भाडे थकले आणि परदेशी मालकाची माणसे आपले वैमानिक घेऊनच आली. त्यांनी कागद दाखवले. केन्जेबेकने काखा वर केल्या. ताश्तान बाइके मात्र एका विमानाच्या पुढच्या चाकासमोर जाऊन उभे राहिले.

"विमानं न्या. इंजिनं त्या म्हाताऱ्याची आहेत. मला दोन दिवस द्या, मी उतरवून देतो."

"विमानावर जे बसवलंय ते विमानाचं," त्यांचा प्रमुख म्हणाला. "कोणी बसवलं?"

"मीच," बाइके म्हणाले.

"मग बाजूला व्हा, काका."

ते बाजूला झाले. दोन्ही विमाने एकामागून एक उडाली. मित्रांनो, माझीच इंजिने मला सोडून ढगांत जाताना मी ऐकली. तसले दुःख तुमच्या वाट्याला येऊ नये.

आठवड्यात तुरना बंद पडली. मी धड असते, तर एकट्या माझ्यावर बत्केनची फेरी चालली असती. हे मला ठाऊक होते आणि बाइकेंना माझ्याहून जास्त. त्या हिवाळ्यात घाट बंद झाला, तेव्हा तिकडची माणसे तिकडेच अडकली. टपरीवर पुन्हा आता कुणाचा नंबर याची चर्चा सुरू झाली, पण उलजान एजेने त्यात तोंड घातले नाही.

घाट उघडल्यावर ताश्तान बाइके बत्केनला गेले ते ट्रकमध्ये बसून, दोन दिवसांचा रस्ता कापत. जाण्याआधी ते माझ्यापाशी आले. दुवा मागायला त्यांनी तळहात समोर धरले. मग चेहऱ्यावरून न फिरवताच हात खाली घेऊन ते निघून गेले.

मित्रांनो, पाहुण्यांना जरूर जपा. पण जे बोलत नाही, मागत नाही आणि कायम आपल्या दारात उभे असते, त्याला सर्वांत शेवटी ठेवू नका. आणि तुमच्यापैकी कुणी कधी बत्केनला गेलेच, तर ताश्तान बाइकेंना शोधा. त्यांना म्हणावे, तुमचे म्हातारे विमान रागावलेले नाही. हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे, कारण ते पुन्हा इकडे आलेच नाहीत.