थांबायची जागा

ब्लाझेनाने शिंग मांडीवर घेऊन फिरवलं आणि नळीत साचलेलं पाणी पायाशी पसरलेल्या फडक्यावर झटकलं. श्वासाचंच पाणी ते, पण दिसतं थुंकीसारखं. सुरुवातीला तिला त्याची किळस यायची. आता काही वाटत नव्हतं. ओठ मात्र हुळहुळत होते आणि वरच्या ओठावर माउथपीसचा लालभडक अर्धगोल उमटला होता.

"पुन्हा," खाटेवरून प्रोकोप म्हणाला.

"बाबा, सूप उतू जाईल."

"सूप गेलं तर दुसरं करता येईल. मी गेलो तर काय करशील?"

असली वाक्यं त्याला बरी सुचत. धड चार पावलं चालायला दम पुरत नव्हता, पण टोमण्याला पुरत होता. ब्लाझेनाने उजवा हात ओंजळीसारखा करून शिंगाच्या रुंद तोंडात घातला, डोळे मिटले आणि फुंकलं. पहिला सूर आला, दुसरा आला, तिसरा घसरून शेजारच्या सुराच्या घरात शिरला.

"चुकलं."

"कळलं मला."

"कळलं तर चुकतेस कशाला? आधी मनात गा. कानात आला नाही तो सूर ओठात कसा येईल? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

शहरातल्या वाद्यवृंदात या शिंगाला फ्रेंच हॉर्न म्हणतात. इथे दक्षिण बोहेमियात त्याला रानशिंग म्हणतात, आणि ते वाजवणं हे रानात राहणाऱ्यांचं काम समजतात. या वाद्याची खोड अशी की त्याचे वरचे सूर एकमेकांना अगदी खेटून बसलेले. ओठ केसभर ढिला पडला की माणूस भलत्याच सुरावर जाऊन आपटतो. प्रोकोप जन्मभर वनरक्षक होता आणि जन्मभर शिंग वाजवत आला होता. शिकारमंडळाच्या माणसाला निरोपाची धून वाजवल्याशिवाय मातीआड करत नाहीत. गावातली कितीतरी माणसं प्रोकोपच्या शिंगावर खाली गेली होती. आता त्याची स्वतःची पाळी जवळ आली होती आणि फुफ्फुसं कामातून गेली होती.

उन्हाळा संपता संपता मंडळाचे अध्यक्ष होलेचेक येऊन बसले होते. टोपी हातात फिरवत ते म्हणाले, "म्हणजे, देव न करो, पण वेळ आलीच तर व्हेंडेलिनला विचारू का? दुसरं कुणी उरलेलं नाही."

"त्याचं नाव या घरात काढायचं नाही," प्रोकोप म्हणाला. "माझी लेक वाजवील."

लेक तेव्हा बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली. वयाची पंचेचाळिशी उलटेपर्यंत तिने त्या शिंगाला हात लावला नव्हता, कारण लहानपणी लावला तेव्हा बापाने त्याच हातावर चापट मारली होती. शिंग पोरींचं नाही, म्हणाला होता. जिल्ह्याच्या गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरातून बिनपगारी रजा काढून ती बापाच्या सेवेला आली होती, वाजंत्री व्हायला नव्हे.

व्हेंडेलिन तळ्याच्या पलीकडे राहायचा. पूर्वी प्रत्येक मातीला तो आणि प्रोकोप जोडीने वाजवायचे. मग व्हेंडेलिनचा भाऊ गेला, आणि त्याच्या मातीच्या दिवशी दफनभूमीच्या फाटकात दोघांचं काहीतरी बिनसलं. व्हेंडेलिन शिंग काखेत मारून तसाच परत फिरला. त्यानंतर त्याचं शिंग कुणी ऐकलं नाही, आणि दोघांत विस्तव जाईना. प्रोकोपच्या मातीला मी उभा राहणार नाही, असं तो भर गुत्त्यात बोलला होता. भांडण कशावरून झालं ते ब्लाझेनाला माहीत नव्हतं. बापाला विचारलं की तो मिठाची गुळणी धरायचा.

तिने धून पुन्हा सुरू केली. यावेळी तिसरा सूरही आला, चौथा लांबला.

"थांब," प्रोकोप म्हणाला. पांघरुणातून त्याचं एक बोट वर आलं. "थांब... थांब... आता."

दर वेळी याच जागी तो तिला थांबवायचा. इतकं लांब थांबायला लावायचा की तिच्या ओठांवरची ओल सुकून जायची. तेवढ्या वेळात त्याचे स्वतःचे ओठ हलत असत. मोजत असेल, असं तिला वाटे. मग बोट खाली पडे आणि ती पुढचे सूर घेई. ते सूर खालीच घुटमळत आणि खालीच संपत.

"बाबा, ही धून अशी नव्हती," शेवटी ती म्हणाली. बरेच दिवस मनात होतं. "लहानपणी ऐकलीय मी. शेवटी वर चढायची. अंगावर काटा यायचा."

"वर चढायला ओठ लागतात."

"मग ओठ होतील तयार. शिकवा ना मला खरी धून."

"तुला सांगतोय तेवढं वाजव."

ब्लाझेना उठून चुलीकडे गेली. सूप उतू गेलंच होतं. तिने पळी उगाच जोरात आपटली. लेकीला जमणार नाही म्हणून म्हाताऱ्याने दुधाची तहान ताकावर भागवली होती, कापून छाटून पोराटोरांची धून हातात दिली होती. मंडळाची सगळी माणसं हिरव्या कोटात खड्ड्याभोवती उभी राहणार, आणि प्रोकोपच्या मातीला प्रोकोपचीच लेक अर्धवट काहीतरी फुंकून मोकळी होणार. लोक तोंडावर काही बोलणार नाहीत. गुत्त्यात बोलतील. तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आणि वेळ तरी कुठे होता? बाबा नाताळ पाहतील, असं डॉक्टर मागच्या खेपेला बोलले नव्हते.

बापाला सूप भरवून तिने शिंग ब्लँकेटात गुंडाळलं.

"कुठे?"

"रानात जाऊन वाजवते. तुमचं 'चुकलं' ऐकायला नको."

"जा," प्रोकोप म्हणाला आणि भिंतीकडे वळला. "बांधावरून जा. रानात चिखल असेल."

मासे धरायला तळं नुकतंच रिकामं केलं होतं. नुसता काळा गाळ उघडा पडला होता आणि त्याचा वास बांधभर पसरला होता. ब्लाझेना बांधाच्या टोकापर्यंत आली आणि रानाकडे वळायच्या ऐवजी सरळ गेली. बापाच्या जिवंतपणी आपण त्याच्या वैऱ्याच्या दारात चाललोय, हे तिला पुरतं कळत होतं.

व्हेंडेलिन सशांना गवत घालत होता. लहानखुरा म्हातारा, कानांवर ओढलेली लोकरी टोपी. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग ब्लँकेटाच्या गाठोड्याकडे.

"मेला का?"

"नाही."

"मग कशाला आलीस?"

"काका, मला निरोपाची धून शिकवा. पूर्ण. बाबांनी मला अर्धीच शिकवलीय."

"त्याला माहीत आहे, तू इथे आलीस ते?"

"नाही."

"माझ्या शिंगात कोळ्यांनी घर केलंय."

"तुम्ही वाजवू नका. नुसतं ऐका आणि कुठे काय राहिलंय ते सांगा."

ब्लाझेनाने शिंग बाहेर काढलं. माउथपीस गार पडला होता, तो तिने मुठीत धरून ऊब दिली. वैऱ्यासमोर तरी चुकू नये असं तिला फार वाटत होतं, आणि म्हणूनच पहिलाच सूर घसरला. तिने ओठ पुसले, मनात गायलं, पुन्हा सुरू केलं. चौथ्या सुरानंतर ती सवयीने थांबली. मग पुढचं वाजवून संपवलं.

व्हेंडेलिनचा हात गवतासकट पिंजऱ्यातच राहिला होता.

"पुन्हा वाजव."

तिने पुन्हा वाजवलं. थांबायच्या जागी तिची नजर त्याच्याकडे गेली. म्हाताऱ्याचे ओठ हलत होते, हुबेहूब बाबांचे हलायचे तसे. तेवढाच वेळ हलून त्याच ठिकाणी मिटणारे.

"इथे थांबायला कुणी सांगितलं?"

"बाबांनी. माझा दम पुरत नाही म्हणून असेल."

"दमासाठी नाही ते." त्याने पिंजऱ्याचं दार लावलं. कडी बसेना. दोनदा निसटली. "आणि ही अर्धी धून नाही. हा दुसरा आवाज आहे. पहिला वर जातो, दुसरा त्याला खालून धरून ठेवतो. लोकांच्या ध्यानात वरचा राहतो. तुझ्याही तोच राहिला. खालचा कोण ऐकतो? जन्मभर मी हा वाजवला, माझ्या बायकोलासुद्धा म्हणून दाखवता आला नसता."

"आणि बाबा?"

"बाबा पहिला. नेहमी. मी कधी तक्रार केली नाही, त्याचे ओठ माझ्याहून चांगले होते. फक्त भावाच्या मातीला म्हटलं, आजच्या दिवस पहिला मला दे. सख्खा भाऊ होता माझा. तर फाटकात उभा राहून म्हणतो, पहिला माझा आहे."

एक ससा जाळीला पाय लावून उभा होता.

"तू थांबतेस ना," व्हेंडेलिन म्हणाला, "तिथे पहिला एकटा असतो."

ब्लाझेनाने शिंग खाली केलं. सगळा पावसाळी, चिडचिडा शरद ऋतू बापाने तिला एकच गोष्ट शिकवली होती, व्हेंडेलिनसाठी जागा सोडून थांबायचं. आणि ती त्याच्यावर पळ्या आपटत बसली होती. तिला रडू येत होतं आणि घरच्या म्हाताऱ्याला गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

"मग तोंडाने सांगायला काय झालं होतं त्यांना?"

"जित्याची खोड," व्हेंडेलिन म्हणाला. "मरायला टेकेल, पण सांगणार नाही."

तो घरात गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात शिंग होतं, पितळ हिरवट पडलेलं. हापशाखाली धरून त्याने त्यातून पाणी सोडलं, उलटसुलट करून झटकलं, कोटाच्या बाहीने तोंड पुसलं.

"मी काही त्याला माफ केलेलं नाही."

"मी कुठे तसं म्हटलं?"

"कर सुरू."

तिने सुरू केलं. चौथा सूर लांबवला आणि थांबली. त्या जागेत व्हेंडेलिनचा सूर आला, खरखरीत, पण आला. तो हळूहळू चढू लागला, आणि ती खालून आत शिरली तेव्हा तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की ती काय वाजवत होती. शेवटचा वरचा सूर मात्र व्हेंडेलिनच्या ओठांना पेलला नाही. तो फुटला आणि दोन घरं खाली जाऊन पडला. ससे दचकून कोपऱ्यात गेले. म्हाताऱ्याने एक सणसणीत शिवी हासडली.

"मेले ओठ माझे."

"पुन्हा," ब्लाझेना म्हणाली, आणि आपला आवाज कुणासारखा आला ते तिच्या लक्षात आलं.

आणखी दोनदा वाजवलं त्यांनी. तो सूर दोन्ही वेळा पडला. मग तिचेच ओठ थरथरायला लागले.

ती घरी आली तेव्हा तळ्याकडची खिडकी सताड उघडी होती. खोली बर्फासारखी गार पडली होती. प्रोकोप नाकापर्यंत पांघरूण ओढून पडला होता, आणि खिडकीची कडी ढकलायला घेतलेली त्याची काठी जमिनीवर पडली होती.

"वेड लागलंय का तुम्हाला?" तिने खिडकी ओढून घेतली. "या छातीत गारठा भरला म्हणजे?"

प्रोकोपने डोळे उघडले नाहीत. "चिखल होता का?"

"नव्हता."

तिने चुलीत दोन लाकडं सारली, शिंगातलं पाणी फडक्यावर झटकलं आणि ते पुसत बसली. बापाचा श्वास घरघरत होता. त्याला काही विचारायचं असेल तर त्याने विचारावं, असं तिने ठरवलं होतं.

"वरचा सूर पडला त्याचा," प्रोकोप म्हणाला.

ब्लाझेनाने शिंग बाजूला ठेवलं.

"तिन्ही वेळा पडला. ओठ ढिले पडलेत. रोज वाजव म्हणावं." त्याला खोकला आला. तो ओसरेपर्यंत तिने त्याची पाठ धरून ठेवली. मग उशीवर डोकं टेकून त्याने पांघरुणातून एक बोट वर केलं.

"घाई नाही म्हणावं. मी थांबतो."