बसलं म्हणून लावलं

मित्रांनो, मी एक जुना पॉवर जॅक आहे. काळा, नखाएवढा, पुढे गोल भोक. त्यात अ‍ॅडाप्टरची पिन शिरते. माझी गोष्ट तुम्हाला सांगण्याजोगी आहे का, याची मला अजूनही खात्री नाही.

सायली गावातल्या एका कारखान्यात मी कॅमेऱ्याला बारा व्होल्ट देत असे. यंत्रे दिवसभर थरथरत, पण माझ्यातली पिन कधी निसटली नाही. “काय पकड आहे याची!” असे मेंटेनन्सचा कल्पेश म्हणायचा. कॅमेरा भंगारात निघाला, तेव्हा त्यानेच मला सोडवून खेरडीला घरी आणले आणि इतर जॅकांबरोबर डब्यात ठेवले.

त्याच्या आईचे, चिमाबाईंचे खुराडे गेल्या वर्षी रोगाने रिकामे झाले होते. माहेरी खानवेलला जाऊन, बसमध्ये मांडीवर टोपली धरून, त्यांनी चाळीस गावठी अंडी आणली. कल्पेशने उबवणीची पेटी केली. आतला बल्ब लावणारा-विझवणारा छोटा बोर्ड पाच व्होल्टचा होता.

“याला मोबाईलसारखं सी-टाइप लाव,” मला त्याच्या हातात पाहून त्याची बायको ममता म्हणाली. “वायफायची पिनही अशीच गोल आहे.”

“डबाभर गोल जॅक पडलेत. शिवाय पिन घट्ट बसते.”

“तेच म्हणते मी. कुठलीही बसते.”

“तू कंपनीत माल तपासतेस, तिथंच चुका काढ बाई!” कल्पेश हसला आणि त्याने मला सोल्डरचा डाग देऊन बोर्डावर जोडले. शेजारी व्होल्टचा आकडासुद्धा लिहिला नाही. तेव्हा मला ममताचाच राग आला होता. आता लाज वाटते.

सतरा दिवस छान गेले. दिव्यासमोर धरले की अंड्यात हालचाल दिसे. अठराव्या दिवशी सकाळी उंदराने अ‍ॅडाप्टरची वायर कुरतडली आणि पेटी अंधारली. घाबरलेल्या चिमाबाईंनी वायफायचा अ‍ॅडाप्टर काढून आणला. पिन माझ्यात शिरली. बारा व्होल्ट मला ओळखीचेच वाटले. मी ते पुढे सोडले.

बोर्ड जळाल्याचा वास आला. चिमाबाईंनी फोनवर फोन केले, पण कल्पेशचा मोबाईल कारखान्याच्या गेटवर जमा होता. थंडीचे दिवस. पेटीवर गोधडी टाकून त्या बसून राहिल्या. कल्पेश पाळी संपवून आला आणि एकेक अंडे उजेडात धरून पाहू लागला. काहीच हलत नव्हते.

“आई, बघून लावायचं ना!”

“बघितलं रे. बसलं म्हणून लावलं.”

“जॅकच खराब असेल,” म्हणत कल्पेशने मला उपटून डब्यात टाकले.

परवा डबा पुन्हा उघडला. नव्या बोर्डासाठी त्याने माझ्या शेजाऱ्याला उचलले आणि पिन घालून पाहिली. “घट्ट बसते,” तो म्हणाला.

मित्रांनो, निवडताना नुसती पकड पाहू नका. निदान शेजारी आकडा तरी लिहा. येईल ती पिन मी धरतो. मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येते.