पैजेत गेलेली मिशी

मी एक जुनी मिशी आहे. खोटी म्हणाल तर खबरदार! केस अस्सल आहेत, फक्त मालक बदललाय.

मित्रांनो, आधी मी जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याच्या ओठावर मजेत होते. तिसऱ्या मजल्यावर एक बेकार नट राहायचा. सगळे त्याला हिरो म्हणायचे, अर्थात टोमण्यानं. आणि तळमजल्याच्या खिडकीत काकू बसायच्या. काका गेल्यापासून त्या हसल्याच नव्हत्या.

"तू म्हणे विनोदी नट," इस्त्रीवाला एकदा म्हणाला. "काकूंना हसवून दाखव. मिशी उतरवीन!"

"नाही हसल्या तर जन्मात विनोद करणार नाही," हिरो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गडी डोक्यावर टोपी, हातात टेप घेऊन खिडकीशी हजर. "सरकारी माणूस आहे. घरात हसू किती शिल्लक आहे, मोजायला आलोय."

"संपलंय. पुढचं घर बघ."

हिरो मोजायला वाकला आणि पँट टर्रकन फाटली. हे काही ठरलेलं नव्हतं. काकूंच्या तोंडून आधी शिट्टी निघाली, मग उचकी, मग खो खो. डोळे पुसत म्हणाल्या, "मेल्या, आत ये. शिवून देते."

पुराव्यासाठी खिडकीत ठेवलेल्या फोननं सगळं टिपलं. लोकांचं नाक कापलं जातं, माझ्या मालकाचं नाकाखालचं गेलं, तेही भर रस्त्यात!

हिरोनं माझा एकेक केस जाळीवर गुंफला. फोनमधल्या त्या तुकड्यापासून आमची वेब सिरीज सुरू झाली. नट तोच, दिग्दर्शक तोच, सेट म्हणजे त्याचं स्वयंपाकघर. ओट्यावर चढून दिवा बांधायचा, उतरून मला चिकटवायचा, स्वतःच 'ॲक्शन' ओरडायचा. लोक पोट धरून हसायचे. मी पीळ भरून मिरवायचे.

मग मोठी कंपनी आली. "दर वीस सेकंदाला हसू पाहिजे," तिथले साहेब म्हणाले. एवढं हसू आणायचं कुठून? हिरोनं काकूंची शिट्टी-उचकी-खो खो कापून घेतली आणि प्रत्येक विनोदामागं चिकटवली. काकूंना विचारलं? छे! पँटही चिकटपट्टीची आली, ती दर भागात अगदी वेळेवर फाटायची. माझ्या जागी रेशमी मिशी आली. मी गेले गोळ्यांच्या डबीत. सात वर्षं कुणी झाकण उघडलं नाही.

उघडलं ते हिरोनंच. 'हसू झकास, विनोद कुठाय?' असं लोक लिहायला लागले होते आणि कंपनीनं सिरीज गुंडाळली होती. मला लावून तो जिन्याखाली आला.

"तीच पैज. काकू हसल्या तर पहिल्यापासून सुरू करतो. नाहीतर विनोद कायमचा बंद."

"नको रे बाबा," इस्त्रीवाला म्हणाला. त्यानं पुन्हा मिशी वाढवलीच नव्हती.

शेजारी जमले. टोपी, टेप, टर्रकन पँट. सगळे हसले. काकू नाही.

"काकू?"

"अरे, नात दिवसभर तुझंच बघते. घरभर मीच हसत असते. आता हसायला गेले की वाटतं, टीव्ही चालू राहिला."

मग त्याचं तोंड बघून बिचाऱ्या हसल्या. शिट्टी, उचकी, खो खो. मोजून मापून.

इतकी वर्षं तेच हसू कापलं-चिकटवलं त्यानं. त्याला कळणार नाही?

मित्रांनो, कुणाचं खरं हसू हाती लागलं तर ते पुन्हा पुन्हा वाजवू नका. ते डबीत टिकत नाही. मी राहिलेय डबीत, मला विचारा.

"हरलो," हिरो म्हणाला. भर रस्त्यात, सगळ्यांदेखत त्यानं मला ओढून काढलं. ओठाचं सालपटही निघालं. इस्त्री केलेल्या शर्टांच्या घडीवर मला ठेवत म्हणाला, "घे तुझी."

लोकांना वाटलं, नवा भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"थांब, शिवून देते," काकू म्हणाल्या.

तो फाटकी पँट एका हातानं धरून जिना चढत राहिला.