कडी बाहेरून

दोन हजार सहाचा जानेवारी. मी तीन महिन्यांच्या पासवर पोराकडं सिंगापूरला आलो होतो, बुकित तिमाहला. प्रफुल्ल सकाळी लॅबमध्ये जायचा तो दिवेलागणीला परत. सून रुपाली तांजोंग पगारला ऑफिसात. घरात मी, आणि शाळा सुटली की नात दीक्षा, वय दहा. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस बाराव्या मजल्यावर नुसता बसवला की त्याचं काय होतं ते विचारू नका. बाथरूमच्या फरशीचा उतार चुकलाय हे मी चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा रुपाली म्हणाली, "बाबा, भाड्याचं घर आहे हो."

तर दीक्षाच्या टीचरनं वर्गाला काम दिलं. टीचर कॅलिफोर्नियाची. तिकडं म्हणे चौथीतली पोरं एकेक मिशन बांधतात, पुठ्ठ्याचं नाहीतर थर्माकोलचं. ती रीत तिनं इथं आणली. सगळ्यात चांगलं मिशन शाळेच्या दारातल्या काचेच्या कपाटात वर्षभर राहणार. दीक्षाला ते कपाट पाहिजे होतं. तीन वर्षांत तिचं एक चित्रसुद्धा तिथं लागलं नव्हतं. जेवताना कपाट, झोपताना कपाट.

"आबा, तुम्हाला येतं ना? रिअलवालं?"

"आधी मिशन म्हणजे काय ते सांग."

तिनं पुस्तकातनं सांगितलं. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा मुलूख. आधी स्पेनच्या राजाचा होता, मग मेक्सिकोचा झाला. राजधानी कुठल्या कुठं, सरकारचा पत्ता नाही. पाद्र्यांनी ठाणी घातलेली, तीच मिशनं. तिथल्या मूळ लोकांना बाप्तिस्मा द्यायचा आणि शेती, गुरं, बांधकाम, सगळं त्यांच्याकडनं करून घ्यायचं.

"भिंती कशाच्या?"

"मड ब्रिक्स. विथ ग्रास."

"मग थर्माकोल कशाला?"

स्विमिंग पूलमागं माळी खणत होता, त्याच्याकडनं बादलीभर लाल माती आणली. पेंढा पाहिजे. पोंगल जवळ आलेला, म्हणून लिटिल इंडियात मडकी विकायला होती, ती पेंढ्यात बांधलेली. मडकं घेतलं नाही, पेंढाच मागितला. दुकानदार हिंदीत म्हणाला, "चाचा, गाय पाळली का फ्लॅटमध्ये?"

काडेपेटीचं खोकं कापून बोटाच्या पेराएवढा साचा केला. साडेतीनशे विटा पाडल्या. इथं हवा ओली, विटा सुकेनात. शेवटी बाल्कनीत एसीची गरम हवा बाहेर पडते ना, तिथं थापल्या. दोन दिवसांत खणखणीत. आइस्क्रीमच्या काडीची थापी केली, दोऱ्याला बटण बांधून ओळंबा. चर्च उभं राहिलं, घंटांच्या कमानी झाल्या, मधे चौक. चौकात दीक्षाला निळ्या काचमण्यांचं कारंजं करायचं होतं. पुस्तकातल्या चित्रात तसंच होतं.

एका दुपारी ती शाळेत असताना मी कामकऱ्यांची घरं बांधून टाकली. चित्रात ती नव्हती, पण बांधणारे राहत कुठं तरी असणारच. आठ झोपड्या. भिंतीपासून वीतभर लांब, पूर्वेच्या अंगाला. शेजारी वेगळी विहीर.

दीक्षा आली, दप्तर टाकलं, बघत राहिली.

"आबा, ही विहीर कशाला? आत आहे ना एक."

"ती आतल्यांची. यांना वेगळी लागते."

"व्हाय?"

आता काय सांगायचं? आमची घरं गावाच्या पूर्वेला होती, गावाची विहीर आम्हाला नव्हती. लहानपणी तहान लागली तर विहिरीपाशी गावातलं कुणी येऊन ओंजळीत ओतेपर्यंत थांबायचं. प्रफुल्लनं तिला हे सांगितलेलं दिसत नव्हतं. मी दोन वाक्यांत सांगितलं. मग तिनं लायब्ररीतनं आणलेलं दुसरं पुस्तक काढलं, जाड, चित्रं कमी.

"आबा, राँग आहे तुमचं. यांना बाहेर नाही ठेवलं. आत ठेवलं. जायलाच देत नव्हते."

"म्हणजे?"

वाचून सांगायला लागली. जोडप्यांची घरं मिशनला लागून, रांगेत. लग्न न झालेल्या मुली एका खोलीत. संध्याकाळी आत घालायचं, बाहेरनं बंद करायचं, किल्ली पाद्र्याकडं. कुणी पळालं तर शिपाई धरून आणणार. मग एका पोराला शिपायांनी चाबकानं फोडून काढलं आणि भडका उडाला. तीन मिशनांतले लोक उठले. एका ठिकाणी तर मिशनच ताब्यात घेऊन महिनाभर बसले. सरकारचा पत्ता नव्हता, तो तेव्हा लागला. तोफ घेऊन आलं. दहा वर्षांनी मेक्सिकोनं कायदा केला, मिशनं मोडा, या लोकांना जमीन द्या.

"दिली?"

"थोड्यांना. बाकी गव्हर्नरच्या लोकांनी घेतली."

मी झोपड्या उचकटल्या, विहीर बुजवली. रांगेची घरं भिंतीलगत बसली. खोली मात्र चौकातच बसत होती, बरोबर कारंज्याच्या जागी. दुसरीकडं जागाच नव्हती.

"तू सांग," मी म्हटलं. "कपाट तुझं आहे."

रुपाली ऑफिसातनं आलेली, पर्सपण ठेवली नव्हती. "बाबा, टीचरच्या पुस्तकात कारंजं आहे ना? मग कारंजं करा. मार्क तिचे जातील, तुमचे नाही."

दीक्षानं काचमणी डबीत भरून ठेवले. "खोली करा, आबा."

खोली केली. खिडकी एकच, बोट जाईल एवढी. दाराला तारेची कडी, बाहेरनं. सरकवली की सरकायची.

प्रदर्शनाला मी गेलो. बावीस मिशनं, सगळी पांढरीशुभ्र, सगळ्यांत कारंजं. टीचर आमच्याजवळ आली ती हललीच नाही. विटांवरनं हात फिरवला, ओळंब्यात आहे का ते एक डोळा मिटून बघितलं. बाई चांगली होती. मग ती कडी तिनं सरकवून बघितली आणि दीक्षाशी हळू बोलली.

"काय म्हणते?"

"आपलंच ठेवणार. फक्त कडी काढ म्हणते. लहान मुलं जातात तिथनं, विचारतील."

तार ओढायची, दोन मिनिटांचं काम. दीक्षा कपाटाकडं बघत होती. रिकामंच होतं, आत दिवा लावलेला. बराच वेळ बघितलं तिनं.

"कॅनॉट, टीचर," ती म्हणाली. "देन नोबडी नोज व्हाय दे फाइट."

टीचरनं तिला विचार करायला वेळ दिला. पोरीनं नाही म्हणून मान हलवली. कपाटात दुसरं मिशन गेलं, थर्माकोलचं, कारंज्यात खरं पाणी. ते पण वाईट नव्हतं.

बसस्टॉपपर्यंत दीक्षा रडली नाही. बसमध्ये रडली, मिशन मांडीवर घेऊन. विटांवर पडू नये म्हणून तोंड बाजूला करून. शेजारी एक चिनी म्हातारी भाजीची पिशवी घेऊन बसली होती. तिनं वाकून बघितलं.

"टेंपल आह?"

"नो, आंटी. मिशन." दीक्षानं बाहीला नाक पुसलं.

"दिस वन?" म्हातारीनं खोलीवर बोट ठेवलं.

दीक्षानं तिला पार स्पेनच्या राजापासनं सांगायला घेतलं. म्हातारी "आय्यो, आय्यो" करत ऐकत होती. आमचा स्टॉप आला तेव्हा गोष्ट मेक्सिकोपर्यंत पोचली होती. मी बस थांबवायचं बटण दाबलं नाही.