ड्रायव्हरच्या मागचं बाक

भिकननानांनी बाकाखालचा खटका ओढला आणि पाठ आडवी होऊन बाकाचा पलंग झाला. फटीतून बोट फिरवून त्यांनी ते उजेडात धरलं. गंज नव्हता.

"नातवंडं इथं, आपण त्या बाजूला," ते म्हणाले. "वर येऊन तर बघ."

द्रौपदाबाई दाराशी उभ्या होत्या.

"दिखस ना माले आठूनच," त्या म्हणाल्या.

धुळ्याच्या भाईदासने एक जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅरव्हॅन केली होती. सीट काढून दोन पलंग, शेगडीचा ओटा, पाण्याची टाकी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. काही वर्षं घरची मंडळी हौसेने फिरली.

"आता पोरांना विमानाशिवाय चालत नाही, नाना," भाईदास म्हणाला. "गाडी उभी राहून म्हातारी व्हायला लागली. आपल्यासारखी."

नाना जळगाव डेपोत ड्रायव्हर होते. लोकांच्या सुट्ट्या म्हणजे त्यांच्या जादा गाड्या. दिवाळीत आणि मे महिन्यात जिल्ह्यातली माणसं त्यांनी त्यांच्या त्यांच्या घरी पोचवली. स्वतःच्या घरच्यांना घेऊन मात्र ते कुठेच गेले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी ठरवलं, स्वतःची गाडी घ्यायची. आधी सांची, मग समुद्र.

सकाळीच थोडं बिनसलं होतं. जळगावहून धुळ्याला सरळ बस असताना द्रौपदाबाईंनी रेल्वेचा हट्ट धरला. चाळीसगावला उतरून दुसऱ्या गाडीची वाट बघत बसावं लागलं. हे जुनंच होतं. द्रौपदाबाईंचं माहेर दोंडाईचा. नाना कित्येक वर्षं जळगाव-दोंडाईचा बसवर होते, आणि बायको माहेरी जायची ती रेल्वेने. लग्नानंतर सुरुवातीला ती जायची असली की नाना ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर रुमाल टाकून जागा धरून ठेवत. कंडक्टरने घंटी दिली की आरशात बघत. कोणीतरी रुमाल बाजूला सारून बसलेलं असे. पुढे त्यांनी रुमाल टाकणं सोडलं. मेहुणा शाळेत मास्तर होता. खाकी कपड्यातल्या नवऱ्याच्या मागे बसून माहेरी उतरणं तिला कमीपणाचं वाटत असणार, असा अर्थ नानांनी लावला आणि तो कधी तिला विचारून पाहिला नाही.

या गाडीत खाकी नव्हती, घंटीही नव्हती.

"एक चक्कर मारू," नाना म्हणाले. भाईदास शेजारी बसला. द्रौपदाबाई क्षणभर थांबल्या, पदराचं टोक मुठीत धरून चढल्या आणि आडव्या बाकावर बसल्या.

पारोळा रस्त्याला लागल्यावर नानांनी वेग धरला. गिअर जरा जड होता, ब्रेक चांगले होते. स्टिअरिंगवर हात पडल्याबरोबर त्यांचे खांदे सैल झाले.

"काय हात आहे हो नाना! पोटातलं पाणी हलत नाही," भाईदास म्हणाला.

नाना हसले आणि सवयीने आरशात बघितलं.

द्रौपदाबाई आवंढा गिळत होत्या. पुन्हा बघितलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. मग पदर तोंडाशी गेला. हा चेहरा नानांनी आरशात हजारो वेळा पाहिला होता, दर वेळी परक्या माणसाचा. यानंतर फक्त रस्त्याची कड गाठण्याइतका वेळ उरतो, हे त्यांना माहीत होतं. फागणे गावाच्या अलीकडे, एका बाभळीखाली त्यांनी गाडी उभी केली.

द्रौपदाबाई उतरून लांब जाऊन वाकल्या. पदराच्या गाठीतून कापलेल्या लिंबाची फोड मातीत पडली. नानांनी बाटलीतलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं आणि खिशातला रुमाल दिला.

भाईदास खाली उतरला होता. "ड्रायव्हरच्या बायकोला गाडी लागते? काय नाना, हे म्हणजे हलवायाच्या घरी साखर वर्ज्य!" तो मोकळेपणाने हसला.

तो गाडीकडे वळल्यावर द्रौपदाबाई म्हणाल्या, "आयका? असंच डेपोमा हासतीन तुमले. म्हनीसन सांगं नही कधी."

"मला वाटायचं..." नाना म्हणाले आणि थांबले.

"काय?"

"काही नाही."

फोन वाजला. नाशिकहून मुलगी, संघमित्रा.

"नाना, घेतली का गाडी? पोरं नाचताहेत इथं. आणि आईच्या उलटीच्या गोळ्या आणून ठेवल्यात मी. तुम्हाला सांगू नको म्हणते ती."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे, नाना."

नानांनी फोन खिशात ठेवला. द्रौपदाबाई तोंड पुसत होत्या.

"गाडी चांगली शे," त्या म्हणाल्या. "घी ल्या. पोरे येतीन तुमना संगे. मी रेल्वेमा येसू मांगून."

परत येताना नानांनी इतक्या हळू गाडी चालवली की मागच्या ट्रकने हॉर्न वाजवून वाजवून नाद सोडला. अंगणात गाडी लावून त्यांनी किल्ली भाईदासच्या हातात दिली.

"गिअर जड आहे. कळवतो," ते म्हणाले.

"मांडवापर्यंत आलेला नवरदेव कळवतो म्हणतो!" भाईदास म्हणाला. मग नानांच्या चेहऱ्याकडे बघून त्याने किल्ली खिशात टाकली.

धुळे स्टेशनवर चाळीसगावची गाडी लागत होती. फलाटावर बरीच गर्दी होती. गाडी थांबायच्या आत नाना गर्दीतून पुढे घुसले, त्यांनी टाचा उंचावल्या आणि खिडकीतून हात आत घालून बाकावर रुमाल टाकला. मग दाराशी उभे राहून ते बायकोची वाट बघू लागले.

द्रौपदाबाई सावकाश आत आल्या. बाकापाशी एक माणूस उभा होता. त्याने रुमालाकडे बघितलं आणि सरकून त्यांना वाट दिली. त्यांनी रुमाल उचलला.

"ओला शे हाऊ," त्या म्हणाल्या.

त्या खिडकीशी बसल्या आणि रुमाल गुडघ्यावर पसरून, वाळायला, दोन्ही हातांनी सारखा करत राहिल्या.