आजोबांच्या वतीने 'हं'

आमच्या गाडीचे दोन्ही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलले तेव्हा आजोबा गाडीत बसलेले होते. जवळजवळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत. हे मी आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगितलं की लोकांना वाटतं मी फेकतेय.

कन्व्हर्टर म्हणजे काय, हे मलाही माहीत नव्हतं. इंजिनातून मागे जाणारी धुराची नळी असते ना, तिच्या मध्ये एक फुगीर डबा असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी. इंजिनाचा विषारी धूर त्या जाळीतून गेला की जरा माणसात येतो. आमच्या म्हाताऱ्या गाडीला असे दोन डबे होते आणि दोन्हींच्या जाळ्यांचा पार चुरा झाला होता. गाडी सुरू केली की राक्षसाच्या बाळाने खुळखुळा वाजवल्यासारखा आवाज यायचा. धूर तपासणाऱ्या केंद्राने तिला नापास केलं होतं. शनिवारी पाचच्या आत पुन्हा आणा, नाहीतर रस्त्यावर काढू नका, असं बजावलं होतं. गॅरेजवाल्याने गाडी पाहून नुसती मान हलवली. डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून हलवतात, तशी.

"आपण घरीच बदलू," बाबा म्हणाला. तो विमा कंपनीत आहे. दिवसभर अपघात झालेल्या गाड्यांचे फोटो बघतो. त्यामुळे गाड्यांमधलं आपल्याला कळतं असं त्याला वाटतं.

आजोबांनी हे ऐकलं, चहा संपवला, डोक्यावर टोपी घातली, पेपर काखेत मारला आणि अंगणात जाऊन गाडीत बसले. स्टिअरिंगमागे.

"अण्णा, उतरा," बाबा म्हणाला. तो आजोबांना अण्णा म्हणतो.

"ए बडबडे," आजोबा मला म्हणाले, "त्याला सांग, मी उतरणार नाही. मी उतरलो की तुम्ही हिला विकणार."

आजोबांचं अगदीच चूक नव्हतं. थंडीच्या दिवसांत ते आंघोळीला गेले असताना बाबाने त्यांची आरामखुर्ची भंगारवाल्याला देऊन टाकली होती. खुर्चीचा एक पाय विटांचा होता आणि तिच्यात काहीतरी राहत होतं, हे खरं. पण आजोबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले तेव्हा खुर्चीच्या जागी फक्त विटा होत्या. तेव्हापासून ते बाबाशी थेट बोलत नाहीत. जे काही असेल ते 'त्याला सांग' आणि 'त्यांना विचार'. मधे मी.

मला हे काम आवडतं. माझ्या दातांची तार नुकतीच निघाली आहे. तार होती तेव्हा मी तोंडावर हात ठेवून बोलायचे, वर्गात तर बोलायचेच नाही. आता मी सगळ्यांशी बोलते. रिक्षावाल्याशी, मुख्याध्यापकांशी, रांगेतल्या अनोळखी बाईशी. आई दाताची डॉक्टर आहे, तिनेच तार लावली आणि तिनेच काढली. ती म्हणते, काढायची घाई केली, अजून वर्षभर ठेवायला हवी होती.

शेवटी आजोबांनीच गाडी लोखंडी उतारांवर चढवली. बाबा समोर उभा राहून वाहतूक पोलिसासारखे हात हलवत होता आणि आजोबा त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून चढवत होते. मग चाकांमागे विटा, पोटाखाली चार मजबूत टेकू. आई खिडकीतून ओरडली, "वर माणूस आणि खाली माणूस! गाडी आहे की दुमजली घर?"

पण कुणीच हलेना. मग तिने स्वतः येऊन प्रत्येक टेकू हलवून पाहिला. दाढ हलते का ते बघतात, तसा.

बाबा पाठीवर सरपटत खाली गेला. आणि तिथून आम्हाला शोध लागला की आजोबांच्या पायाखालच्या मॅटखाली गंजून बशीएवढं भोक पडलंय. आजोबांनी मॅट बाजूला केलं. भोकातून बाबाचं नाक दिसलं.

"त्याला विचार," आजोबा भोकात बघत म्हणाले, "सेन्सरची वायर आधी काढली का? नाहीतर तोडेल."

"बाबा, सेन्सरची वायर काढलीस का?"

"अण्णांना सांग, काढली."

"आजोबा, काढली."

दोघांच्या तोंडांमध्ये हातभर अंतर होतं. मी गाडीबाहेर उकिडवी बसून, एकाच भाषेतून त्याच भाषेत भाषांतर करत होते.

मग नट अडकला. पहिल्या डब्याचे बाकीचे नट कुरकुरत सुटले, पण हा एक गंजून बोल्टशी एकजीव झाला होता. बाबाने तेल मारलं, हातोडी मारली, शिव्या दिल्या. पाना एकदा असा सटकला की थेट शेजारच्या पाण्याच्या बादलीवर आदळला. वरून आजोबांचा आवाज आला, "त्याला सांग, बादली सैलच आहे, नट सैल कर."

आई आली ती क्लिनिकचा पोशाख घालूनच. मास्क, हातमोजे, कपाळावर दिवा. शनिवारी तिचे पेशंट असतात, दोन पेशंटच्या मधे आली होती.

"सरक," ती बाबाला म्हणाली. "ओढतोस काय असा? मुळं तुटतील."

"नटाला मुळं नसतात."

"मग तुझ्याने का नाही निघाला?"

ती खाली आडवी झाली. पाना लावला आणि नट सोडवायच्या ऐवजी आधी थोडा आवळला. मग थोडा सोडवला. पुन्हा आवळला. थेंबभर तेल. पुन्हा सोडवला. पुढे, मागे, पुढे, मागे, आणि तोंडाने हळू आवाजात, "झालं हं, झालंच, जरासं दुखेल…"

बाबा माझ्याकडे बघायला लागला. मी आकाशाकडे.

कट्ट! नट आईच्या तळहातावर. तिने तो दिव्यात धरून नीट निरखला, बशीत टाकला आणि उठताना गाडीच्या पोटावर थोपटून म्हणाली, "दोन तास काही खायचं नाही." मग गेली. पेशंट वाट बघत होता.

"त्याला सांग," आजोबा म्हणाले, "घरात एक तरी माणूस कामाचं आहे."

हे मी पोचवलं नाही. भोकातून आपोआप पोचलं होतं.

पहिला डबा निघाला, दुसरा निघाला. दोन्ही हलवले की खुळखुळ. आणि नेमकं तेव्हाच आजोबांना बाथरूमला जायचं झालं. ते बराच वेळ चुळबुळ करत होते. गाडी सोडायची कशी? शेवटी त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"तू माझ्या जागेवर बस. कुणी काही विचारलं तर तू म्हणजे मी."

त्यांनी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, पेपर माझ्या हातात दिला, आणि मी आत सरकल्याशिवाय सीटवरचा हात काढला नाही. मग चपला फटकारत घाईघाईने घरात गेले.

मी स्टिअरिंग धरून ताठ बसले. अठराव्या वर्षी मी हीच गाडी शिकणार होते. नवीन नको, हीच. आजोबांनी तसं कबूल केलं होतं. म्हणजे गाडी राहिली पाहिजे हे माझंही दुखणं होतं.

"अण्णा," खालून बाबाचा आवाज आला. एकदम थेट. "ऐकताय?"

मी 'मी आहे' म्हणणार होते. खरंच. पण तू म्हणजे मी, असं ठरलं होतं. आणि आजोबांचा 'हं' मला उत्तम काढता येतो.

"हं."

"भंगारवाल्याला बोलावलंय. सहा वाजता. गाडी पास झाली तरी. पास झालेलीला तो भाव बरा देतो."

मी चिडका 'हं' काढला, नाकातून येतो तो.

"रागवा. पण ऐका. गेल्या महिन्यात तुम्ही सकाळी दूध आणायला गाडी घेऊन गेलात. संध्याकाळी परत आलात, दूध न घेता. पुढचा दिवा फुटला होता. मी काही विचारलं नाही. तुम्ही काही सांगितलं नाहीत." खाली पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. "ऑफिसात दिवसभर माझ्यासमोर चेपलेल्या गाड्या येतात. फोटो उघडला की मी आधी रंग बघतो. आपला आहे का ते. रोज, अण्णा. प्रत्येक फोटोला."

मी पेपर तोंडासमोर धरला होता. उलटा.

"गाडी मला नको आहे असं नाही हो. तुम्ही ती चालवायला नको. पण हे तुम्हाला तोंडावर कसं सांगू? म्हणून गाडीच काढायला निघालो. खुर्चीसारखं." पाना पुन्हा उचलल्याचा आवाज आला. "चालवायचं सोडाल का? गाडी राहू दे. भंगारवाल्याला मी परत पाठवतो. तुम्ही शेजारी बसा, पाहिजे तिकडे नेतो. चालेल?"

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? गाडी वाचत होती. एका अक्षरावर! पण अक्षर आजोबांचं होतं.

मी घसा साफ केला आणि म्हणाले, "हं." होकाराचा. खोल, घशातला.

खाली काम पुन्हा सुरू झालं. बाबा चक्क शीळ घालत होता.

आजोबा परत आले, मला उठवलं, टोपी घेतली. "कुणी काही विचारलं?"

"नाही," मी म्हणाले. माझी तोंडावर हात ठेवायची सवय सुटलेली नाही, हे मला तेव्हा कळलं.

नवे डबे बसवताना त्यांच्यावरचा बाण मागच्या दिशेने हवा, धूर जातो त्या बाजूला. तो आजोबा आणि बाबा दोघांनी माझ्याकरवी तीनतीनदा तपासून घेतला. धूर गळू नये म्हणून सांध्यांत नवी गॅस्केट, सगळे नट आधी हाताने, मग पान्याने, शेवटी सेन्सर. आजोबांनी किल्ली फिरवली.

काहीच झालं नाही. म्हणजे गाडी सुरू झाली, पण खुळखुळा गायब. आजोबांना वाटलं सुरूच झाली नाही, म्हणून त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. घर्रर्र! गाडी कळवळली. आणि तेवढ्यात नव्या डब्यांवरचं कारखान्यातलं तेल तापून जळायला लागलं. पहिल्यांदा तसा धूर होतोच, बाबाने वाचलं होतं. शेजारच्या निवृत्त अग्निशामक काकांनी वाचलं नव्हतं. ते कुंपणावरून उडी मारून आले आणि कुणाला काही कळायच्या आत बादलीभर पाणी खिडकीतून आत. इंजिनावर नाही. आजोबांवर.

"विझले!" काका म्हणाले.

आजोबा टोपीतून निथळत होते. तरी उतरले नाहीत.

साडेचार वाजत आले होते. गाडी खाली उतरली आणि बाबा चालकाच्या दाराशी येऊन उभा राहिला. किल्लीसाठी हात पुढे. आजोबांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्याला विचार, काय पाहिजे?"

मी खिडकीत वाकले. "आजोबा, तुम्ही चालवायचं सोडलंय. तुम्ही कबूल केलंय."

"मी? कधी?"

"तुम्ही बाथरूममध्ये होता तेव्हा."

आजोबांच्या भुवया टोपीत गेल्या. "काय म्हणालो मी?"

"हं म्हणालात."

"कशाला?"

मग मी सगळं सांगितलं. दूध, दिवा, फोटो, रंग. बाबा समोरच उभा होता आणि तो चपलेने विटेचा तुकडा इकडून तिकडे सरकवत होता. रंगापर्यंत आल्यावर माझाही आवाज जरा ओला झाला, पण आजोबा आधीच ओले होते, त्यामुळे कुणाचं काय हे कळत नव्हतं.

आजोबांनी स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला.

"हं म्हणालो असेन तर म्हणालो," ते म्हणाले. आणि दार न उघडता, गिअरवरून एकेक पाय उचलत, दोनदा हॉर्न वाजवत शेजारच्या सीटवर सरकले.

तपासणी केंद्रातल्या बाईंनी मागच्या नळीत नळी घातली आणि म्हणाल्या, "इंजिन सुरू करा."

"सुरूच आहे," बाबा म्हणाला.

त्यांनी वाकून आत पाहिलं. "हे आजोबा ओले का?"

"त्यांना विझवलंय," मी सांगितलं.

त्या यंत्राकडे वळल्या. यंत्रावर आकडे फिरत होते. मी आणि बाबा बाहेर भिंतीला टेकून उभे होतो. मी नखं खात म्हणाले, "बाबा, मघाशी गाडीत आजोबा नव्हते. मी होते."

"माहितीये."

"काय?"

"गाडीखालून फक्त पाय दिसतात. अण्णांच्या चपला मी लहानपणापासून ओळखतो. फटक फटक करत घरात गेल्या."

"मग मला कशाला सांगितलंस सगळं?"

"कुणीतरी हं म्हणायला हवं होतं," बाबा म्हणाला. "बरा काढतेस. पण अण्णा एवढ्या मोठ्याने म्हणत नाहीत."

गाडी पास झाली. आजोबांनी ते ऐकून कपाळाला हात लावला. "आवाजच गेला हिचा," ते म्हणाले. 'त्याला सांग' न म्हणता. म्हणजे थेट बाबाला. घरी येईपर्यंत आम्ही तिघंही तोंडाने खुळखुळ करत होतो, आजोबांना गाडी चालू असल्याची खात्री वाटावी म्हणून.

सहाला भंगारवाला आला. बाबाने त्याला दोन जुने डबे दिले आणि हात जोडले. तो बिचारा टेम्पो घेऊन आला होता. आजोबा काच खाली करून म्हणाले, "आमची खुर्ची असेल तर तेवढी परत आण." तो बघतो म्हणाला.

टेम्पो कोपऱ्यावरून वळेपर्यंत आजोबा आतच बसून राहिले. मग त्यांनी दार उघडलं. सकाळपासून पहिल्यांदा कुणाला बदली न बसवता ते गाडीतून उतरले, पाठ सरळ केली आणि चपला फटकारत घराकडे निघाले. बाबा किल्ली हातात घेऊन तसाच उभा होता.

"दारं उघडी ठेव," आजोबा मागे न बघता म्हणाले. "वाळू दे तिला."

मी आत डोकावले. शेजारच्या सीटवर, मधोमध, ओली टोपी ठेवलेली होती. जागा धरून.