तीस अधिक तीस

मी एक जुना गायगर काउंटर आहे. मित्रांनो, माजुरो नावाच्या बेटावरच्या एका शाळेच्या भौतिकशास्त्राच्या कपाटात मी राहतो. माझ्या पोटात एक नळी आहे, नळीत विरळ वायू आणि मधोमध बारीक तार. तार आणि नळीची भिंत यांच्यात चारशे व्होल्टचं विद्युत क्षेत्र असतं. किरणोत्साराचा कण आत शिरला की वायूतले इलेक्ट्रॉन सुटतात, तारेकडे धावतात, वाटेत आणखी सोडवतात, आणि मी टिक् करतो. एवढंच मला येतं. खोटं बोलायला मला कुणी शिकवलं नाही.

इथल्या खाऱ्या हवेने माझे स्क्रू गंजले. मधली काही वर्षं तर माझ्या डोक्यावर नकाशांच्या गुंडाळ्या रचलेल्या असत. फिजीहून आलेल्या वाइसाके सरांनी मला पुसून पुन्हा चालू केलं. बारावीची मुलं माझी टिकटिक ऐकून टाळ्या वाजवत. कौतुक कुणाला आवडत नाही?

त्याच वर्गात नेइजोन होती. तिची आजी, बुबू, नऊ वर्षांची असताना उत्तरेकडच्या त्यांच्या बेटाजवळ अणुबॉम्बची चाचणी झाली आणि सगळ्यांना बोटीत घालून हलवलं. पुढे कुणीतरी सांगितलं, जमिनीतलं विष तीस वर्षांत निम्मं होतं. त्या घराने सरळ बेरीज केली. निम्मं तीस वर्षांत, उरलेलं निम्मं पुढच्या तिसांत. यंदा साठ भरत होती. परत जायचं म्हणून बुबूने केवड्याच्या पानांच्या सहा चटया विणल्या होत्या.

मग सरांनी अर्धायुष्याचा प्रयोग घेतला. बाटलीतला पदार्थ दर सत्तर सेकंदांनी निम्मा होत होता. माझी टिकटिकही चारशे, दोनशे, शंभर अशी उतरत गेली. आलेख काढता काढता नेइजोनची पेन्सिल थांबली.

"सर, हे शून्याला कधी टेकतं?"

"टेकत नाही गं. निम्म्याचं निम्मं होत राहतं."

"पण दोनदा निम्मं म्हणजे..."

"चौथा हिस्सा उरतो."

त्या दिवशी तिने डब्यातला नीरफणस तसाच परत नेला.

शनिवारी ती बुबूला घेऊन सरांकडे आली. बोटीवर काम करणाऱ्या बुबूच्या भाच्याने त्या बेटावरची माती डब्यातून आणली होती. बुबूला नातीचं म्हणणं पटत नव्हतं.

"माझ्या बापाची जमीन आहे ती. ती माझ्या वाईटावर कशी असेल? लाव तुझं यंत्र."

एरवी, समोर काही नसलं तरी, मी मिनिटाला वीस वेळा टिक् करतो. त्या मातीपुढे सत्तर वेळा केलं. मित्रांनो, मला तेव्हा मुकं व्हायचं होतं. आतली तार तुटली असती तरी चाललं असतं.

"अजून तीस वर्षं थांबले तर?" बुबूने विचारलं.

"जास्तीच्या पन्नासाचे पंचवीस होतील," नेइजोन म्हणाली.

"तेव्हा मी नव्व्याण्णवची. दात नसतील, खेकडा खाऊ कशाने?"

मग तिने हळूच विचारलं, "आणि मेलेल्यांना? त्यांना चालतं का तिथे?"

नेइजोनने सरांकडे पाहिलं. सर खिडकीकडे वळले.

"चालतं, बुबू," शेवटी नेइजोनच म्हणाली.

"मग तेव्हा तरी ने मला."

मित्रांनो, मला पुसा, खाऱ्या वाऱ्यापासून जपा, असं खरं तर मी म्हणायला हवं. पण मी मोडलो तर दुसरा मिळेल. तुम्ही जमिनीला जपा. ती नासली की आमच्यासारखी यंत्रं नुसती मोजत बसतात, आणि तिथली माणसं घरी जाण्यासाठी मरणाची वाट बघतात.